रुळाच्या पोटावरची अक्षरं

गँगमध्ये लागलो त्या पहिल्याच आठवड्यात मुकादम आप्पांनी मला रुळाजवळ उकिडवं बसवलं. सकाळचं ऊन कोवळं होतं, तिरपं येत होतं. रुळाच्या उभ्या पोटावर, फिशप्लेट संपते तिथून हातभर पुढे, गंजाखाली अक्षरांचे उंचवटे दिसत होते. सूर्य वर चढला की ती अक्षरं दिसेनाशी होतात. सकाळी आणि संध्याकाळीच त्यांची सावली पडते आणि ती वाचता येतात. आप्पांनी पायाने गवत बाजूला केलं आणि म्हणाले, "तू शाळा शिकेल शे ना? वाच बरं, काय लिखेल शे."

मी अंगठ्याने गंज खरवडला. इंग्रजी अक्षरं होती. बॅरो. पुढे स्टील. त्यापुढे साल, त्यातला शेवटचा आकडा गंजाने खाल्लेला. राहिलेले तीन वाचले तर १८९.

"कोठला शे?"

"विलायतेचा, आप्पा."

ते समोरच्या रुळाकडे गेले. "आनि हाऊ?"

त्यावर टाटा होतं. आप्पांनी मान डोलावली. त्यांना अक्षर येत नव्हतं, पण तीस वर्षं त्या लाइनीवर पहार मारून कुठला रूळ कसा वागतो हे त्यांना ठाऊक होतं. नावं तेवढी ठाऊक नव्हती. त्या दिवसापासून मी त्यांचा वाचणारा झालो. जेवायच्या सुट्टीत कळण्याची भाकर आणि ठेचा खाऊन झाला की ते मला पुढचे चार रूळ वाचायला लावत.

ही १९६६ सालची गोष्ट. लाइन होती चाळीसगाव–धुळे शाखा. छप्पन्न किलोमीटर. जामदा, राजमाने, मोरदड तांडा, शिरूड, बोरविहीर, मोहाडी परगणे लळिंग आणि मग धुळे. १९०० साली ही लाइन सुरू झाली. माझं गाव शिरूड स्टेशनापासून पायी तासाभरावर. घरची जमीन कोरडवाहू. दादर आणि कपाशी. मॅट्रिक झालो, पुढे शिकायला पैसा नव्हता, रेल्वेत भरती निघाली आणि लागलो.

शाखेच्या लाइनीबद्दल एक गोष्ट बाहेरच्या माणसाला माहीत नसते. तिला नवा रूळ क्वचितच मिळतो. मेन लाइनवर, म्हणजे मुंबई–भुसावळ रस्त्यावर, रूळ ठरावीक मापापर्यंत झिजला की काढतात. त्याची पिचलेली टोकं कापतात, भोकं नव्याने पाडतात आणि तो शाखेवर येतो. शाखेवरून निघाला की यार्डाच्या सायडिंगला जातो. तिथूनही निघाला की फाटकाचा खांब होतो, कुंपणाचा खांब होतो, एखाद्या क्वार्टरच्या छताची तुळई होतो. म्हणून आमच्या शाखेवर चालणं म्हणजे दोन पिढ्यांचं पोलाद एकाच दिवशी वाचणं होतं. विलायतेचे बॅरो आणि वर्किंग्टन, मग टाटा. तिसऱ्या पिढीचं नाव मी लागलो तेव्हा आमच्याकडे पोचलंच नव्हतं.

नव्वद पौंडी रूळ म्हणजे यार्डाला नव्वद पौंड, मीटरला पावणेपंचेचाळीस किलोच्या आसपास. तेरा मीटरचा एक रूळ पाचशेऐंशी किलो भरतो. चिमटे लावून चौदा-सोळा माणसांनी तो उचलायचा, एका आवाजात चालायचं, एका आवाजात ठेवायचा. एकाचा पाय घसरला तर सगळ्यांच्या पायावर येतो. खानदेशातला मे महिना सगळ्यांना माहीत आहे. हवेत पंचेचाळीस अंश असलं की रूळ साठाच्या पुढे जातो. त्याला उघडा हात लावता येत नाही, ओलं फडकं गुंडाळून धरावं लागतं. पन्नास अंशांच्या फरकाने तेरा मीटरचा रूळ साडेसात मिलिमीटर वाढतो. दोन रुळांमधली फट त्यासाठी असते. ती बुजली असेल तर दुपारी दोनच्या उन्हात अख्खी लाइन सापासारखी बाजूला सरकते. आणि जानेवारीच्या पहाटे तोच रूळ आखडतो, आपलीच टोकं ओढतो, आणि आत कुठे केसाएवढी चीर असेल तर तिथे तुटतो.

एक हिशेब मी नोकरीच्या पहिल्या वर्षी दिव्याच्या उजेडात केला होता. आमच्या शाखेच्या एका किलोमीटरला दोन बाजूंचे मिळून साधारण एकोणनव्वद टन रूळ. छप्पन्न किलोमीटरला पाच हजार टन. एवढं पोलाद १९०० च्या सुमारास हिंदुस्थानात कुठेच तयार होत नव्हतं. गेजाच्या मापापासून बोल्टाच्या चाकीपर्यंत सगळं बोटीतून यायचं. आमच्या आजोबांच्या वेळचा कापूस गाठी बांधून याच वाटेने बंदरावर जायचा आणि बंदरावरून उलट वाटेने लोखंड यायचं. ज्याच्याकडे लोखंड त्याने भाव ठरवायचा.

टाटांची गोष्ट मला आमच्या एका जुन्या मिस्त्रींनी सांगितली आणि पुढे मी ती वाचून खात्री करून घेतली. जमशेटजींच्या डोक्यात पोलादाचा विचार आला तो आपल्याच मुलखातल्या लोखंडावरून. चांदा जिल्ह्यात, म्हणजे आजच्या चंद्रपुरात, लोहारा गावाजवळ उत्तम लोखंडी दगड आहे, असा एका जर्मन भूगर्भतज्ज्ञाचा अहवाल १८८२ साली त्यांच्या हाती पडला. जवळच वरोऱ्याचा कोळसा. पण तो भट्टीच्या कामाचा निघाला नाही आणि सरकारच्या अटीही जाचक होत्या, म्हणून तेव्हा ते राहिलं. पुढे त्यांचे पुत्र दोराबजी नागपूरला सरकारी कामासाठी गेले असता तिथल्या संग्रहालयात त्यांना एक नकाशा दिसला. त्यात दुर्ग जिल्ह्याचा एक भाग लोखंडाच्या खुणेने रंगवलेला होता. नकाशामागची पाहणी प्रमथनाथ बोस यांची. दोराबजी आणि त्यांचे अमेरिकन तज्ज्ञ त्या डोंगरांवर गेले. दल्ली आणि राजहरा ही त्यांची नावं. लोखंड भरपूर होतं, पण कोळसा आणि पाणी सोयीचं नव्हतं. मग १९०४ साली बोस यांनीच मयूरभंजकडे बोट दाखवलं आणि कारखाना साकचीला गेला. १९०७ साली कंपनी उभी राहिली. भागभांडवल देशातल्याच लोकांनी काही आठवड्यांत भरून दिलं. १९१२ च्या फेब्रुवारीत पहिलं पोलाद निघालं.

सरकारने दहा वर्षं दरसाल वीस हजार टन रूळ घेण्याचं कबूल केलं होतं, परदेशी मालाच्या भावाने. म्हणजे आमच्यासारख्या चार शाखा दर वर्षी. रेल्वेचे त्या वेळचे मुख्य अधिकारी सर फ्रेडरिक अपकॉट हे, टाटांनी चांगला रूळ केला तर त्यातला पौंड न् पौंड मी खाईन, असं म्हणाल्याची गोष्ट सांगतात. नंतर पहिल्या महायुद्धात टाटांचेच रूळ मेसोपोटेमियात गेले, आणि १९१९ साली व्हाइसरॉय चेम्सफर्डने साकचीला जमशेदपूर हे नाव दिलं. मिस्त्री ही गोष्ट सांगताना छाती भरून सांगायचे. त्यांच्या वडिलांनी विलायती रूळ उचलले होते, त्यांनी टाटाचे उचलले होते. वजन तेवढंच, पण ते म्हणायचे की खांद्याला फरक कळतो. मला हे पटायला वेळ लागला.

१९७२ साली माझी बदली मेन लाइनवर, जळगाव भागात झाली. आधी कीमॅन, मग मेट. कीमॅनचं काम एकट्याचं. खांद्यावर हातोडा, पाना, लाल झेंडे आणि गाडीला धोक्याचा इशारा देणारे फटाके घेऊन पाच-सहा किलोमीटरचा पट्टा पायी जायचा, एका रुळाने जायचं आणि दुसऱ्याने यायचं. सैल चावी ठोकायची, बोल्ट आवळायचा, आणि डोळे रुळावरून हलू द्यायचे नाहीत. मला वाचायची सवय होतीच. तिथे मला ते तिसरं नाव सापडलं. भिलाई.

भिलाईचा करार सोव्हिएत रशियाशी १९५५ साली झाला. दुसऱ्या पंचवार्षिक योजनेत सरकारने एकदम तीन कारखाने हाती घेतले होते. राउरकेला जर्मनांच्या मदतीने, दुर्गापूर ब्रिटिशांच्या, भिलाई रशियनांच्या. देश स्वतंत्र झाला तेव्हा सगळा मिळून वर्षाला दहा-बारा लाख टन पोलाद होत होतं. एकट्या भिलाईचा पहिला टप्पाच दहा लाख टनांचा होता. ४ फेब्रुवारी १९५९ ला राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते पहिली झोतभट्टी सुरू झाली आणि १९६० साली रूळ लाटायची गिरणी चालू झाली. आणि लोखंडी दगड कुठून? दल्ली-राजहऱ्याहून. दोराबजी जे डोंगर पाहून परत फिरले तेच. पन्नास वर्षांनी त्या नकाशातला रंग उपयोगाला आला. हे कळलं त्या दिवशी मी बराच वेळ रुळाच्या कडेला बसून राहिलो होतो.

भिलाई आपल्याच लाइनवर आहे, हेही लक्षात घ्यावं. भुसावळ, बडनेरा, नागपूर, गोंदिया, दुर्ग आणि मग भिलाई. तिथे लाटलेला रूळ ज्या रुळांवरून गाडीत येतो तेही बरेचसे तिथलेच. मीटरला बावन्न किलोचे नवे रूळ घेऊन मटेरियल ट्रेन जळगाव यार्डात लागली की रात्रीच्या ब्लॉकमध्ये आम्ही उतरवायचो. बावन्न किलोच्या रुळाचा एक किलोमीटर म्हणजे एकशेचार टन. नव्या रुळाचा रंग निळसर काळा असतो, त्यावर भट्टीतल्या पापुद्र्याचा थर असतो, आणि पोटावरची अक्षरं इतकी धारदार की बॅटरी लागत नाही, बोटांनी वाचता येतात.

एका जानेवारीतली रात्र सांगतो. पहाटेचे तीन-साडेतीन असतील. मालगाडीच्या ड्रायव्हरने पुढच्या स्टेशनावर कळवलं की अमुक किलोमीटरला झटका बसला. तोवर आप्पाही मेन लाइनवर आले होते, निवृत्तीला वर्षच राहिलं होतं. आम्ही कंदील घेऊन धावलो. रूळ आरपार तुटला होता, फटीत तीन बोटं जात होती. जुना, बरीच वर्षं भार वाहिलेला रूळ. दोन्ही बाजूंना फटाके लावायला माणसं पळाली. सहाशे मीटरवर एक आणि बाराशे मीटरवर दहा-दहा मीटरच्या अंतराने तीन, हा नियम झोपेतही पाठ असायचा. मागे पॅसेंजर उभी होती. तिच्या खिडक्यांचा पिवळा उजेड शेतात पडलेला दिसत होता. आत बायका, पोरं, अमळनेर-पाचोऱ्याकडची माणसं झोपलेली असणार.

तुटलेल्या जागी शिकंजे लावून गाडी सावकाश काढून देता येते. तशी ती काढून दिली आणि मग रूळ बदलायला घेतला. लाइनीच्या कडेला राखीव रूळ ठेवलेले असतात. कंदिलाची वात फडफडत होती. आप्पा गुडघ्यावर बसले, राखीव रुळाच्या पोटावरून त्यांनी बोटं फिरवली, पहिल्या अक्षराशी थांबले, पुढे सरकले, पुन्हा फिरवली. "भिलाईना शे," म्हणाले. "नवाच शे. उचला."

त्यांना अक्षर येत नव्हतं. दहा वर्षं मी त्यांना वाचून दाखवत होतो आणि ते बोटांनी आकार शिकत होते, हे मला त्या रात्री कळलं. मी आयुष्यात अनेक परीक्षा दिल्या, मिस्त्री झालो, पुढे इन्स्पेक्टर झालो. त्या सगळ्यात मला फारसं सांगण्यासारखं वाटत नाही. ती रात्र मात्र सांगण्यासारखी वाटते. पोलादाचा कारखाना आणि देश यांचा संबंध काय, असं मला कोणी विचारलं तर मी आप्पांची बोटं सांगेन. सुमारे सातशे किलोमीटरवर कोणीतरी भट्टीपुढे उभं राहून नीट काम केलेलं असतं, आणि इथे काळोखात एक निरक्षर माणूस त्याच्या भरवशावर पॅसेंजर गाडीला हिरवा कंदील दाखवतो. दोघांची भेट कधीच होत नाही.

मला ती भेट व्हावीशी वाटत होती. १९८६ साली आमच्या गावचा एक मुलगा भिलाईला नोकरीला होता, त्याच्याकडे गेलो आणि परवानगी काढून रूळगिरणी पाहिली. पोलादाचा मोठा लांबोडका ठोकळा भट्टीतून निघतो तेव्हा बाराशे अंशांच्या पुढे असतो, पांढरट पिवळा. रोलरच्या जोडीतून एकदा, दोनदा, अनेकदा जातो. दर वेळी लांब होतो, बारीक होतो, डोकं आणि पाय वेगळे दिसू लागतात. मग गरम करवतीने तुकडे. थंड होताना तो वाकतो, कारण डोकं जाड आणि पाय पातळ. पातळ भाग आधी थंड होतो. म्हणून गरम असतानाच त्याला उलटा बाक देऊन ठेवतात आणि शेवटी यंत्रातून सरळ करतात. वीस वर्षं मी उन्हात रुळाचं वागणं पाहत होतो. त्याचा जन्मच तसा असतो हे तिथे पाहिलं. प्रत्येक घाण्यातला एक तुकडा बाजूला काढून त्यावर टनाहून जड वजन उंचावरून टाकतात. तुटला तर तो सगळा माल नापास होऊ शकतो.

पण मला पाहायचं होतं ते वेगळंच. शेवटच्या रोलरवर मी ती अक्षरं पाहिली. उलटी, आत खोदलेली. तांबडा रूळ त्यावरून जातो आणि नाव, माप, साल त्याच्या अंगावर उमटतं. तिथल्या माणसाला मी आप्पांची गोष्ट सांगितली. तो ओडिया होता, मोडक्या हिंदीत बोलणं झालं. त्याने हातमोजा काढून माझा हात धरला.

तिथून मी दल्ली-राजहऱ्यालाही गेलो, भिलाईहून नव्वदेक किलोमीटर. तिथे जे पाहिलं ते लिहिल्याशिवाय हे लिखाण खरं होणार नाही. डोंगर लाल आणि खोल कापलेले. ठेक्यावरचे मजूर, त्यांत बायका पुष्कळ, हाताने दगड फोडून ट्रक भरत होते. १९७७ पासून शंकर गुहा नियोगी यांनी त्यांची संघटना बांधली होती. मजुरांनी स्वतःच्या वर्गणीने १९८३ साली शहीद हॉस्पिटल उभं केलं होतं. ते मी आत जाऊन पाहिलं. १९९१ साली नियोगींची गोळी घालून हत्या झाली तेव्हा मी जळगावात वर्तमानपत्र हातात घेऊन सुन्न झालो. कारखान्यासाठी ज्यांची शेतं गेली, खाणीत ज्यांचे हात सोलले, त्यांच्या अंगावर कुठलं नाव उमटत नाही. एक टन लोखंडाला दीड टनाहून जास्त दगड लागतो. तो कुणीतरी उचललेला असतो. आमच्याकडेही रोजंदारीवरचे खलाशी वर्षानुवर्षं कायम होत नव्हते, म्हणून मला ते परकं वाटलं नाही.

आणखी एक देणं आपल्यावर आहे. जळगावच्या एमआयडीसीत माझ्या मेहुण्याचं वर्कशॉप होतं. ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या, वखराच्या पासा, पाभरी. अँगल, चॅनल, पत्रा त्याला जळगाव स्टेशनात ज्या भावाने मिळे त्याच भावाने जमशेदपूरला मिळे. १९५६ पासून वाहतुकीचा खर्च सगळ्या देशावर सारखा वाटला जात होता. कारखान्यापासून लांब असण्याची शिक्षा कोणाला होऊ नये हा हेतू. परवान्यासाठी आणि कोट्यासाठी मेहुण्याने पुष्कळ खेटे घातले हे खरं, पण भाव सारखा होता म्हणून खानदेशात छोटे कारखाने उभे राहू शकले. १९९२ साली ते बंद झालं. आमचा फायदा झाला तेव्हा बिहार, ओडिशा आणि छत्तीसगडचं नुकसान झालं. ज्यांच्या पायाखाली लोखंड आणि कोळसा, त्यांच्याकडे कारखाने काढण्याचं कारणच उरलं नाही, माल तर मुंबई-पुण्यातही त्याच भावाने मिळत होता. आमची पोरं शेताच्या बांधावर नवी ट्रॉली घेऊन उभी राहिली त्यात छत्तीसगडचा वाटा आहे, हे मी मेहुण्याला सांगायचो. तो ऐकून घ्यायचा.

२००४ साली निवृत्त झालो. आता रूळ तेरा मीटरचे राहिले नाहीत. भिलाईत नवी गिरणी झाली, तिथे एकशेतीस मीटरचा सलग रूळ निघतो आणि दोन जोडून दोनशेसाठ मीटरचे पाठवतात. साठ किलोचे. मेन लाइनवर जोडाचा खटखटाट जवळजवळ गेला. चिमटे लावून उचलायचं काम यंत्र करतं, आणि ते फार चांगलं झालं. त्या कामाने अधू झालेली माणसं मी पाहिली आहेत.

गेल्या वर्षी मी बोरविहीरला गेलो होतो. मनमाड–इंदूर लाइनीसाठी धुळ्याने किती वर्षं मागणी केली ते इथल्या प्रत्येकाला माहीत आहे. २०२४ च्या सप्टेंबरात केंद्राने तीनशेनऊ किलोमीटरच्या त्या लाइनीला मंजुरी दिली. त्यातला बोरविहीर–नरडाणा हा पट्टा आधीच हाती घेतलेला. शाखेचं जुनं स्टेशन तिथेच आहे, त्याच्या बाजूने मातीचा भराव गेला आहे. मी हळूहळू भरावावर चढलो. खाली कपाशी, पलीकडे लळिंगच्या बाजूचे डोंगर. रोलर फिरवणारा एक तरुण पोऱ्या खाली उतरला आणि मला म्हणाला, "बाबा, काही हरवलं का?"

मी म्हणालो, "नाही. रूळ कधी येणार ते बघायला आलोय."

"ते अजून लांब आहे. आधी खडी, मग स्लीपर." मग त्याने विचारलं, "तुम्ही रेल्वेत होतात का?"

मी होय म्हणालो, आणि पलीकडच्या शाखेकडे बोट करून त्याला सांगितलं की त्या लाइनीवर आम्ही वर्षानुवर्षं मेन लाइनचे उतरलेले रूळ टाकले, इथे मात्र थेट गिरणीतले येतील. येतील तेव्हा सकाळी लवकर ये, ऊन तिरपं असताना, आणि पोटावर काय लिहिलंय ते वाच. साल बघ. त्याने मोबाइल काढला आणि माझा नंबर घेतला. पहिली गाडी रूळ घेऊन आली की फोन करतो म्हणाला.